लॅमिनेट फ्लोअरिंग स्वतः बसवताय? मग हिला हलायला जागा ठेवा

मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लॅमिनेट टाकलं ती खोली तीन-साडेतीन महिने एकदम झक्कास होती, येईल त्याला ओढून नेऊन दाखवायचो, आणि मग हवा दमट झाली आणि एके दिवशी सकाळी दरवाज्याजवळ जमीन जरा वर आल्यासारखी वाटली. पाय दिला की खाली जायची, पाय काढला की परत वर, म्हणजे खाली कोणीतरी झोपलंय आणि श्वास घेतंय असा प्रकार. मला वाटलं माल खराब लागला. ओळखीच्या एका सुतारकाकांना दाखवलं, ते गुडघ्यावर बसले, चौकटीच्या कडेने नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाले, "हिला हलायला जागा कुठे ठेवलीयेस रे?"

एवढंच होतं. तीन भिंतींना मी नीट फट सोडलेली पण चौकटीपाशी फळी इतकी प्रेमाने मापून कापली होती की मधून कागदसुद्धा जाणार नाही. काकांनी तिथे सेंटिमीटरभर कापून टाकलं आणि दोन दिवसात फुगवटा आपोआप बसला, काही ठोकलं नाही, चिकटवलं नाही. तेव्हापासून मला कोणी विचारलं की लॅमिनेट कसं बसवायचं तर मी हत्यारांपासून सुरू करत नाही, इथूनच करतो: ही फरशी जमिनीला कुठेच चिकटलेली नसते. सगळ्या फळ्या एकमेकींत अडकून एक मोठं अखंड पान तयार होतं आणि ते पान जमिनीवर नुसतं पडलेलं असतं, थोडं पसरतं, थोडं आकसतं. इंग्रजीत याला फ्लोटिंग फ्लोअर म्हणतात, म्हणजे तरंगती फरशी. ते डोक्यात बसलं की बाकीचे ऐंशी टक्के नियम पाठ करावे लागत नाहीत, ते का आहेत ते आपोआप कळतं.

आता ती पसरते का, तर ती आतून लाकूडच आहे म्हणून. लॅमिनेटची फळी कापून बघितली तर चार थर असतात. मधला जाड तपकिरी थर म्हणजे एचडीएफ, लाकडाचा बारीक भुसा-धागे करून, रेझिन घालून, प्रचंड दाबाखाली दाबलेला बोर्ड. त्याच्यावर लाकडाचा फोटो छापलेला कागद, हो, फोटोच, आपण ज्याला सागवानी फिनिश वगैरे म्हणतो तो छापील कागद असतो. त्या कागदावर मेलामाईन रेझिनचा पारदर्शक थर, आणि त्यात ॲल्युमिनियम ऑक्साईडचे बारीक कण, म्हणजे सँडपेपरला जो कडक पदार्थ वापरतात तोच. म्हणून वरून ती सहज घासली जात नाही आणि म्हणूनच कापताना करवतीचं पातं बघता बघता बोथट होतं. आणि सगळ्यात खाली अजून एक थर असतो, तो कोणाला दिसत नाही पण तो नसता तर फळी धनुष्यासारखी वाकली असती, वरच्या थराचा ताण तोलायला तो असतो. हा सगळा प्रकार १९७७ साली स्वीडनमधल्या पेर्स्टोर्प नावाच्या कंपनीने काढला, पुढे त्यांचा पर्गो हा ब्रँड जगभर गेला. सुरुवातीला फळ्या एकमेकींना गोंद लावून जोडायचे. गोंद न लावता टक्क करून बसणारं क्लिक लॉक १९९० च्या दशकात आलं आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच तुमच्या-माझ्यासारख्या नवख्याला हे घरी करता येतं.

तर तो मधला एचडीएफ हवेतली ओल पितो आणि फुगतो, हवा कोरडी झाली की आकसतो. एका फळीत हा फरक डोळ्याला दिसणारही नाही, पण वीस फळ्या एकमेकींत घट्ट अडकल्या की सगळ्यांचा फरक एकत्र होऊन कडेला येतो. तिथे भिंत असेल तर पान जाणार कुठे? वर. झाला फुगवटा. म्हणून चारी बाजूंना ८ ते १० मिलिमीटर फट सोडायची. एक ढोबळ हिशोब असाय की खोलीच्या दर मीटरला दीड मिलिमीटर, म्हणजे सहा मीटरची खोली असेल तर कडेला ९ मिलिमीटर. कंपनीच्या कागदावर यापेक्षा जास्त लिहिलं असेल तर कंपनीचं ऐका. आणि चारी बाजू म्हणजे फक्त भिंती नाहीत बरं का, चौकट, पाईप, खांब, आधीच बसवलेलं कपाट, उंबरा, जे जे काही जमिनीत रोवलेलं आहे ते सगळं. माझ्यासारखं करू नका.

खरेदी करताना काय बघायचं ते पटकन सांगतो. एक म्हणजे एसी ग्रेड, याचा थंड हवेशी संबंध नाही, वरचा थर घासणीला किती टिकतो ते यात मोजतात, पाकिटावर एसी ३, एसी ४, एसी ५ असं लिहिलेलं असतं. बेडरूम, बैठकीची खोली याला एसी ३ भरपूर झालं, जिथे सतत ये-जा, कुत्रं, सायकल चालवणारी मुलं वगैरे असतील तिथे एसी ४. एसी ५ दुकान-ऑफिसच्या वर्दळीसाठी असतं, घरात घातलं तर बिघडत नाही पण गरजही नाही. दुसरं म्हणजे जाडी. ६ ते १२ मिलिमीटरपर्यंत मिळते, नवख्याने ८ च्या खाली जाऊ नये असं माझं मत, कारण पातळ फळीचं लॉकही नाजूक असतं आणि आपण शिकताना चार वेळा जोडणार, काढणार, ठोकणार. लोक काय करतात की जाडी बघतात आणि एसी बघत नाहीत किंवा उलट, तर दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, जाड फळीचा वरचा थर कडक असेलच असं नाही.

किती घ्यायचं? लांबी गुणिले रुंदी आणि वर १० टक्के. १२ चौरस मीटरची खोली असेल तर साधारण १३.२ चौरस मीटर, मग पाकिटं पूर्ण घ्यावी लागतात म्हणून वरच्या आकड्याला. तिरकं बसवायचं असेल तर १५ टक्के धरा, पण पहिल्यांदा तिरकं बसवायच्या भानगडीत पडूच नका.

आता जमीन. खरं काम इथेच आहे आणि इथेच सगळे घाई करतात कारण पाकिटं घरात येऊन पडलेली असतात आणि हात शिवशिवत असतात. जमीन सपाट पाहिजे. लेव्हलमध्ये नाही, सपाट. यातला फरक समजून घ्या: अख्खी खोली एका बाजूला जरा उतरती असेल तर चालतं, लॅमिनेटला त्याचं काही वाटत नाही, पण मध्येच खड्डा किंवा उंचवटा चालत नाही. का? कारण पान तरंगतंय, खड्ड्यावर ते पुलासारखं अधांतरी राहतं आणि प्रत्येक पावलाला खाली दबतं, आणि दबताना सगळा ताण कशावर, तर त्या दोन मिलिमीटरच्या लॉकच्या जिभेवर, म्हणजे शेजारच्या फळीच्या खाचेत अडकणाऱ्या पातळ कडेवर. वर्षभर रोज ती जीभ अशी वाकवली की एक दिवस ती तुटते आणि मग फळ्यांमध्ये फट दिसायला लागते, वर चालताना करकर आवाज येतो तो वेगळाच.

तपासायचं असं: दोन मीटर लांब सरळ पट्टा घ्या, ॲल्युमिनियमची चौकोनी नळी असेल तर उत्तम, ती जमिनीवर ठेवून सगळीकडे फिरवा, आडवी, उभी, तिरकी. पट्ट्याखाली कुठेही ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर तिथे खडूने गोल करा. उंचवटे घासून काढायचे, खड्डे सेल्फ लेव्हलिंग कंपाऊंडने भरायचे, म्हणजे ते पातळ कालवून ओतलं की स्वतःच सपाट पसरतं आणि सुकतं. फळ्यांखाली जो फोम अंथरतात त्याचेच खड्ड्यावर दोन थर जास्त घालून भागवू असा विचार डोक्यात येईल, मलाही आला होता, तो झटकून टाका, मऊ गादीने खड्डा भरत नाही, पाय दिला की ती दबतेच.

जुन्या टाईल्सवर बसवायचं असेल तर बसवता येतं, फोडायची गरज नाही, फक्त कुठली टाईल हलत नाही ना, पोकळ वाजत नाही ना ते बघून घ्या. जुन्या लाकडी फळ्यांच्या जमिनीवर असेल तर आधी हलणाऱ्या फळ्या स्क्रूने घट्ट करा आणि नवीन फळ्या जुन्याला आडव्या जातील अशी दिशा धरा. गालिच्यावर मात्र नको, तो मऊ असतो आणि खाली ओलही धरतो.

सपाटपणा झाला की ओल. काँक्रीट दिसायला कोरडं असलं तरी आतून ओल वर येत असते. घरच्या घरी करायची चाचणी सोपी आहे, हात-दीड हात चौकोनी प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवायचा आणि एक-दोन दिवस विसरून जायचं. उघडल्यावर आतून थेंब दिसले किंवा खालचं काँक्रीट गडद झालेलं असलं तर थांबा, ती ओल कुठून येतीये ते आधी शोधा. काही दिसलं नाही म्हणजे जमीन शंभर टक्के कोरडीच असं समजू नका, मॉइश्चर मीटर मिळाला तर त्याने बघितलेलं बरं. आणि काँक्रीट किंवा टाईल्सवर बसवताना खाली ०.२ मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा कागद अंथरायचाच, दोन कागद एकमेकांवर वीतभर म्हणजे २० सेंटिमीटर चढवून टेप मारायची, कडेला भिंतीवर थोडा वर घ्यायचा, नंतर स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावतात त्या पट्टीखाली, दिसणारा भाग कापून टाकता येतो.

त्याच्यावर फोम, म्हणजे अंडरले. हा २ ते ३ मिलिमीटरचा असतो, त्याचं काम आवाज कमी करणं आणि जमिनीतली बारीकसारीक खडबड झाकणं, बस. फोमच्या पट्ट्या एकमेकींवर चढवायच्या नाहीत, शेजारी शेजारी टेकवून वर टेप. काही फोमला खालून प्लास्टिक आधीच चिकटवलेलं असतं, मग वेगळा कागद लागत नाही, आणि काही फळ्यांना पाठीमागे फोम आधीच असतो, मग वेगळा फोम घालायचा नाही. सगळ्यांची एकच चूक होते, जाड फोम म्हणजे पायाला मऊ आणि छान वाटेल, म्हणून जाड घेतात किंवा दोन घालतात. परत तेच, जमीन जास्त दबली की लॉक मोडतं.

पाकिटं आणली की लगेच फोडायची नाहीत. ज्या खोलीत बसवायचंय त्याच खोलीत न उघडता, आडवी, सपाट ठेवून किमान ४८ तास. भिंतीला उभी टेकवून ठेवली तर वाकतात. कारण सांगायची गरज नाही आता, गोदामातल्या हवेला फळी एका मापाची असते, तुमच्या खोलीतल्या हवेला दुसऱ्या, तिला आधी इथली होऊ द्या आणि मग अडकवा. या दोन दिवसात मोकळे बसू नका, जुनं स्कर्टिंग काढा, आणि दरवाजा उघडतोय का ते बघा. हे सगळे विसरतात. ८ मिलिमीटर फळी आणि २ मिलिमीटर फोम म्हणजे जमीन सेंटिमीटरभर वर येणार, दरवाज्याखाली तेवढी जागा आहे का? नसेल तर दरवाजा खालून तासावा लागेल, आणि हे फरशी टाकून झाल्यावर आत अडकलेल्या माणसाला कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

दिशा कुठली घ्यायची याचा फार विचार करू नका, मोठी खिडकी असेल तर उजेड ज्या दिशेने आत येतो त्या दिशेने फळ्या लांब टाकल्या की जोड कमी दिसतात, आणि अरुंद बोळासारखी खोली असेल तर लांबीच्या दिशेने.

आता थोडं गणित, घाबरू नका, पण हे करायचंच. समजा खोलीची रुंदी २९४० मिलिमीटर आणि फळीची रुंदी १९३ मिलिमीटर. दोन्हीकडे १० ची फट वजा केली की उरले २९२०. १९३ ने भागलं तर १५ पूर्ण रांगा होतात, २८९५ मिलिमीटर, आणि शेवटी उरतात २५. म्हणजे शेवटच्या रांगेला तुम्हाला अडीच सेंटिमीटरची लांबलचक चिंधी कापून भिंतीपाशी घुसवायची आहे, ती कापताना तरी तुटेल नाहीतर लॉक होताना तरी. शेवटची रांग ५ सेंटिमीटरपेक्षा बारीक असू नये. मग काय करायचं, उरलेले २५ आणि एक अख्खी फळी १९३ मिळून २१८, त्याचे दोन भाग, १०९ आणि १०९. पहिली रांग १०९ मिलिमीटरची कापायची, मध्ये १४ पूर्ण रांगा, आणि शेवटची रांग परत १०९. दोन्ही भिंतींना सारखं दिसतं, कोणाला कळतही नाही की यामागे कागदावर डोकं चालवलंय. हे गणित पहिली फळी ठेवायच्या आधी केलं तर पाच मिनिटांचं काम आहे, चौदाव्या रांगेला आठवलं तर मग मुसळ केरात.

हत्यारं फार नाहीत. मोजायची टेप, पेन्सिल, गुण्या, रबरी हातोडा, फटीत घालायच्या पाचरी म्हणजे स्पेसर, ठोकायचा प्लास्टिकचा ठोकळा, आणि एक दोन्ही टोकांना उलटसुलट वाकवलेली लोखंडी पट्टी जिला पुल बार म्हणतात, भिंतीजवळ हातोडा फिरायला जागा नसते तिथे हिने फळी ओढून घेता येते. ही शेवटची तीन एकत्र किटमध्ये मिळतात. गुडघ्याला पॅड घ्या, थट्टा नाही, संध्याकाळपर्यंत गुडघे बोलायला लागतात. कापायला जिगसॉ, म्हणजे वर-खाली हलणाऱ्या पात्याची विजेची करवत, असेल तर छान, नाहीतर बारीक दातांची हातकरवत पण चालते, वेळ लागतो एवढंच. इथे एक बारीक गोष्ट, हातकरवतीने कापताना फळीची डिझाइनची बाजू वर ठेवा आणि साध्या जिगसॉने कापताना खाली. हातकरवत खाली जाताना कापते आणि जिगसॉचं पातं वर येताना, आणि पातं ज्या बाजूने बाहेर पडतं तिथले टवके उडतात, ते टवके मागच्या बाजूला उडालेले बरे. कापायचं काम दुसऱ्या खोलीत किंवा बाहेर करा आणि मास्क लावा, तो भुसा फार बारीक असतो.

फळीला एका बाजूला जीभ असते, दुसऱ्या बाजूला खाच. बहुतेक सिस्टीममध्ये डाव्या कोपऱ्यापासून सुरू करून उजवीकडे जातात, जिभेची बाजू भिंतीकडे आणि खाच आपल्याकडे, आणि पहिल्या रांगेची भिंतीकडची जीभ कापून टाकतात. आपल्या उदाहरणासारखी पहिली रांग रुंदीत कापलेली असेल तर जीभ तशीही गेलेलीच असते, फक्त कापताना जिभेच्या बाजूचाच भाग काढला ना ते दोनदा बघा, मी एक फळी उलटी कापलीये. लॉकचे दोन प्रकार सर्रास दिसतात, एकात लांब बाजू आणि टोक दोन्ही तिरकं घालून खाली दाबायचं, दुसऱ्यात लांब बाजू तिरकी घालायची आणि टोक वरून दाबलं की टक्क आवाज येऊन बसतं. तुमचं कुठलं आहे ते पाकिटातल्या कागदावर चित्रासकट असतं. तो कागद पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातो, जाऊ देऊ नका.

पहिली रांग सरळ आली पाहिजे, भिंतीला समांतर नाही, सरळ. भिंती क्वचितच सरळ असतात आणि भिंतीला चिकटून गेलात तर भिंतीची वाकडी चाल सगळ्या खोलीभर घेऊन जाल. दोरा ताणून बघा, भिंतीला पोट असेल तर ते फळीवर उतरवून तेवढं कापा, किंवा फरक थोडा असेल तर स्पेसर कमीजास्त करून भागवा, पण सगळ्यात अरुंद ठिकाणीसुद्धा ८ मिलिमीटरच्या खाली फट जाऊ देऊ नका. मी पहिल्या दोन रांगांना दीड तास घालवला आणि नंतरच्या बारा रांगा तेवढ्याच वेळात झाल्या.

रांगेच्या शेवटच्या तुकड्याचं माप घ्यायला टेपसुद्धा लागत नाही. अख्खी फळी घ्या, पालथी न करता नुसती फिरवा म्हणजे डोकं-पाय अदलाबदल, रांगेच्या शेजारी ठेवून भिंतीकडच्या स्पेसरला टेकवा, आणि आधीची फळी जिथे संपते तिथे पेन्सिलची खूण करा. तिथे कापा, परत सरळ फिरवा, बसली. आता उरलेला तुकडा टाकू नका, तो ३० सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर पुढची रांग त्यानेच सुरू करा, त्याचं कापलेलं टोक डाव्या भिंतीकडे जातं आणि लॉकचं टोक आत येतं. कापलेलं टोक नेहमी भिंतीकडे, हे एकदा लक्षात आलं की गोंधळच होत नाही.

शेजारच्या दोन रांगांचे जोड एकमेकांपासून किमान ३० सेंटिमीटर लांब पाहिजेत. विटांच्या भिंतीत जसे सांधे एकाखाली एक घेत नाहीत तसंच, नाहीतर त्या ओळीत पान कमजोर पडतं. आणि फळ्या एकाच पाकिटातून काढत बसू नका, तीन-चार पाकिटं फोडून मिसळून घ्या, कारण छापील डिझाइन परत परत येतं आणि एकसारख्या गाठीच्या दोन फळ्या शेजारी आल्या की फोटोचं बिंग फुटतं. लावायच्या आधी प्रत्येक फळीची कड बघा, कोपरा तुटका असेल तर ती बाजूला ठेवा, कापायच्या तुकड्यांना कामी येते.

ठोकताना हातोडा थेट फळीवर नको, मध्ये ठोकळा, आणि हळू. फळी बसत नसेल तर जोर वाढवायचा नाही, काढायची आणि खाचेत बघायचं, दहातल्या नऊ वेळा आत भुशाचा कण अडकलेला असतो. जोरात ठोकून बसवलेला जोड तेव्हा बसल्यासारखा दिसतो पण जिभेला तडा गेलेला असतो आणि तो सहा महिन्यांनी उघडतो.

चौकट लाकडी असेल तर फळीला चौकटीच्या आकाराचं कोरीव काम करत बसू नका, उलटं करा, चौकटच खालून कापा. फोमचा तुकडा आणि त्यावर फळीचा तुकडा उपडा ठेवायचा, त्याच्यावर करवत आडवी टेकवून चौकट कापायची, बरोबर तेवढीच फट होते आणि फळी तिच्याखाली सरकते. आत घुसवताना पार टोकापर्यंत नाही, तिथेही मागे जागा. चौकट लोखंडी असेल तर कापता येणार नाही, मग फळी कापायची, सेंटिमीटरभर फट सोडायची आणि ती लवचिक सीलंटने भरायची, कडक होणाऱ्या पुट्टीने नाही. पाईपसाठी भोक पाईपपेक्षा २० मिलिमीटर मोठं, म्हणजे २० चा पाईप असेल तर ४० चं भोक, मग भोकापासून कडेपर्यंत कापून जो तुकडा निघतो तो पाईपच्या मागून परत गोंदाने चिकटवायचा. भोवतीची फट झाकायला गोल झाकणं मिळतात.

शेवटची रांग कापायची तर रुंदी एकाच ठिकाणी मोजू नका, दर अर्ध्या मीटरला मोजा, फट वजा करा, आणि पुल बारने ओढून बसवा. मग स्पेसर काढून टाका, एखादा आत राहिला तर तो तिथे भिंतीचंच काम करणार. स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, फरशीला अजिबात नाही, आणि फरशीवर जोरात दाबूनही नाही. दोन खोल्यांच्या मध्ये दरवाज्यात पान तोडायचं आणि वर टी आकाराची पट्टी लावायची, तिचा पाया खालच्या जमिनीला फटीतून पक्का करतात. खोली ८-१० मीटरपेक्षा लांब असली तरी मध्ये अशी पट्टी घ्यावी लागते. अख्ख्या घरात एकसलग टाकलं तर सुंदर दिसतं हे मान्य, पण दरवाज्याच्या चिंचोळ्या जागेत दोन्ही खोल्यांची ओढाताण एकत्र येते आणि जोड तिथेच सुटतात.

हाच न्याय जड सामानाला. सोफा, पलंग, टेबल बिनधास्त ठेवा. पण किचनचे ओटे, जमिनीला स्क्रूने पक्की केलेली कपाटं, दरवाज्याचा स्टॉपर, हे लॅमिनेटवरून जमिनीत ठोकलं की पानाला खिळा बसला, आता ते त्या बाजूला हलू शकत नाही. पक्क्या गोष्टी आधी बसवा आणि फरशी त्यांच्या कडेपर्यंत आणा, फट सोडून. दाराचा स्टॉपर भिंतीला लावा.

बाथरूममध्ये साधं लॅमिनेट टाकू नका. सांडलेलं पाणी लगेच पुसलं तर काही होत नाही, वरचा थर पाणी पीत नाही, पाणी शिरतं ते जोडातून, आणि कडा एकदा फुगल्या की वाळल्यावरही पूर्ववत होत नाहीत. हवेतल्या ओलीने आलेला फुगवटा बसतो, साचलेल्या पाण्याने फुगलेली कड बसत नाही, हे दोन वेगळे. म्हणून पुसायचं तर घट्ट पिळलेल्या फडक्याने, बादली ओतून नाही, आणि वाफेचा मॉप तर नकोच. खुर्च्यांच्या पायाखाली फेल्ट चिकटवा. खऱ्या लाकडासारखं घासून पॉलिश करता येत नाही, घासलं की फोटोच जाईल.

नंतर कधी फुगवटा आला तर आधी सगळीकडचं स्कर्टिंग काढून कडेने बोट फिरवा, कुठेतरी टेकलेलं सापडेलच, तिथे कापा आणि दोन दिवस थांबा. मधली एखादी फळी खराब झाली तर जवळच्या भिंतीपासून एक एक रांग सोडवत तिथपर्यंत जायचं, फळ्यांना मागे पेन्सिलने नंबर टाकत, बदलायची आणि त्याच क्रमाने परत लावत यायचं. त्यासाठी उरलेल्या चार-पाच फळ्या जपून ठेवा, कारण तेच डिझाइन दोन वर्षांनी मिळेलच असं नाही. माझ्या पलंगाखाली आडव्या पडल्यात, त्यात ती उलटी कापलेली पण आहे.